परातीतलं कार्ड

आपण लिहावं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेच्या पेपरापुरतं. त्यात ही गोष्ट भांडणाची. भांडण सांगताना माणूस स्वतःची बाजू जरा जास्तच धुऊनपुसून मांडतो. तसं कुठे झालं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण ज्याच्याविषयी लिहितोय त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो गेल्याचं सोंग मला जमणार नाही.

मी कारंज्याला बी.ए. करत होतो. घर कामरगावला. घरून फीचे पैसे मागण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून लग्नसराईत एका केटररकडे वाढप्याचं काम धरलं. शेवटच्या वर्षाची फी त्यातूनच भरायची होती. या धंद्यात वाढपी नावावर चालतो. पोरगा हाताचा साफ आहे, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं की काम मिळत राहतं. उलटं सांगितलं की पाण्याचे ग्लास भरायलाही कुणी बोलवत नाही.

आमच्या टोळीत दोन आचारी, पोळ्या लाटणाऱ्या बाया, भांडी घासणारं एक जोडपं आणि आम्ही वाढपी. वाढप्यांवर एक मोठा होता. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणत असे. गावोगाव त्याच्या ओळखी होत्या आणि केटररच्या अर्ध्या ऑर्डरी त्याच्यामुळे येत. मला तो सुरुवातीपासून ‘प्रोफेसर’ म्हणायचा. पहिले काही दिवस मला ते कौतुक वाटलं.

आमच्यात एक रीत होती. शेवटची पंगत उठायच्या आधी वाढप्याने परात फिरवायची. तिच्या काठाला हळदकुंकू लावलेलं असे. आमच्या बौद्धांच्या लग्नात ते नसे, बाकी सगळं तेच. व्याही, मामे, जेवून खूश झालेले पाहुणे परातीत नोटा टाकत. मग सगळी टोळी भट्टीजवळ ताडपत्रीवर बसायची, परात मधे ठेवायची, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत सारखे हिस्से पडायचे. आचाऱ्याला जेवढा, भांडी घासणाऱ्या बाईलाही तेवढाच. दिवसभर वाकून काम करणारी माणसं त्या वेळेला पाय पसरून बसत, एकमेकांची टिंगल करत. मजुरीपेक्षा त्या बसण्याची सगळ्यांना ओढ असे.

पुढे पाहुण्यांच्या खिशात नोटा राहिनाशा झाल्या. परात रिकामी परत येऊ लागली. मोबाईलवर पैसे घ्यायचं क्यूआर कोडचं कार्ड परातीत चिकटवावं, ही सूचना माझीच. खातं भाऊने आपलं दिलं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी कार्ड छापून, लॅमिनेशन करून आणलं आणि परातीच्या मधोमध चिकटवलं. परात फिरवायचं काम माझ्याकडे आलं. परातीत काय पडलं ते सगळ्यांना दिसायचं, मोबाईलमध्ये काय पडलं ते एकट्यालाच दिसणार होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

हिस्से आधी वाढले, मग हळूहळू घटले. भाऊ सांगायचा, टावर नाही, लोकांचे पैसे अडकतात. टोळीतले सगळे मान डोलवायचे.

इंझोरीच्या लग्नात दुपारी नवरीचे मामा हात धुताना मला म्हणाले, “काय बाप्पा, खूश ना? आमच्या पाव्हण्याईनं आज हात ढिला सोडला. माह्या साळ्यानंच हजार टाकले.”

थोड्या वेळाने ताडपत्रीवर भाऊने प्रत्येकाच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर विचारायची मला सवय नव्हती. तरी विचारलं.

“भाऊ, मामा म्हनत होते, एकट्या साळ्यानंच हजार टाकले.”

तो पुडी फाडत होता. “मंग?”

“मंग मोबाईल दाखवा ना. सगळ्याईले दिसू द्या.”

“तुले दाखवू? तू कोन, बँकेचा सायेब?”

“मले नका दाखवू. याईले दाखवा. परात सगळ्याईची हाये.”

त्याने पुडी तोंडात रिकामी केली, सावकाश चघळली. “प्रोफेसर, परात कोन फिरवते?”

“मी.”

“कार्ड कोनं छापून आनलं?”

“मीच.”

“मंग मले काहून इचारून राह्यला?” तो टोळीकडे वळला. “पाह्यलं का? एक कार्ड परातीत, दुसरं याच्या खिशात. पंगतीत गेला का बदलवते. मी म्हनतो पैसे जाते कुठं!”

मी उठलो. कुणीही परातीतल्या कार्डावर मोबाईल धरून पाहावा, नाव कुणाचं येतं ते कळेल, एवढंच मला म्हणायचं होतं. परात उचलली तर मधे नुसता डिंकाचा डाग होता.

“कार्ड कुठं हाये?”

“भट्टीत घातलं,” तो म्हणाला. “चोरीचं कार्ड कायले ठेवू?”

मी माझा मोबाईल उघडून एकेकासमोर धरला. माझं खातं पाहा, एक रुपया आला असेल तर सांगा. मोठा आचारी म्हणाला, “मले कुठं वाचता येते बाप्पा.” भांडी घासणाऱ्या बाईने तोंड फिरवलं. पोळ्यावाली काकू, जी रोज माझ्यासाठी दोन पोळ्या बाजूला काढून ठेवायची, ती उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधत राहिली. गाठ बसली तरी तिने ती सोडून पुन्हा बांधली.

“मी चोर असीन तं पोलिसात चाला,” मी म्हणालो.

“चाल ना. जीपचं भाडं तू दे.” दोघं-तिघं हसले. मग तो जवळ आला आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “तुह्या घरात कोनी बँकेची पायरी चढलं होतं का? तू शिकला, अन् पह्यले आपल्याच लोकाईले लुटाले शिकला.”

केटरर आला, दोन्हीकडचं अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, “मले तंटा नाही पायजे. पोरा, तू घरी जा.” माझी त्या दिवसाची मजुरीही त्याने दिली नाही. मी मागितली नाही. मागितली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या केटररना फोन केले तर पोरं भरली आहेत म्हणाले. फी मी वीटभट्टीवर विटा वाहून भरली. भाऊ एकदा कारंज्याच्या बसस्टँडवर दिसला. नवा शर्ट होता. “काय प्रोफेसर, चहा घेता?” म्हणाला.

“नको. त्यातबी कोनाचा हिस्सा असन,” मी म्हणालो. तो हसला आणि दोन कप सांगून दोन्ही स्वतःच प्यायला.

पण त्याचं बोलणं मला तितकं लागलं नव्हतं. मला लागल्या होत्या त्या ताडपत्रीवरच्या खाली घातलेल्या माना. ही माणसं मला चोर समजतात, हे मनातून जाईना. काकूच्या गल्लीतून जायची वेळ आली की मी लांबून वळसा घालायचो.

निकाल लागल्यानंतर काही दिवसांनी काकूचा फोन आला.

“पास झाला म्हनतात तू. बरं झालं बाबू.” मग म्हणाली, “किन्हीराजाले मोठं लग्न हाये. वाढपी कमी पडून राह्यले. येतं का?”

“कोनाची ऑर्डर?”

“भाऊचीच. त्यानं सोताचं केटरिंग टाकलं ना. आमी सारे त्याच्याकडंच हाओ आता. थोच म्हने, त्या पोराले इचारा.”

“काकू, त्यानं मले चोर म्हटलं. तुमच्यासमोर.”

पलीकडे कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला.

“तू चोर नोयता बाबू. माहा जावई इंझोरीचाच. त्यानं त्या दिवशी परातीत पन्नास टाकले होते. मोबाईलवर नाव भाऊचंच आलं. त्यानं मले सांगतलं, मी त्याच सांजेले सगळ्याईले सांगतलं.”

“सगळ्याईले?”

“हो. आचाऱ्याले, भांडेवालीले, साऱ्याईले. पन ऑर्डरी थोच आनते बाप्पा. अन् तू तं शिकून निंघूनच जानार होता.”