शुक्रवारचं रेकॉर्डिंग

आमच्या थोरल्या साडूभाऊंना गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. वडिलांनी प्रयत्न करून पाहिला, कंपनीतल्या तीन मॅनेजरांनी पाहिला, एका घशाच्या डॉक्टरने तर लिहूनच दिलं की पंधरा दिवस तोंड उघडायचं नाही. साडूभाऊंनी त्या कागदाला चाल लावली आणि तो त्याच डॉक्टरला म्हणून दाखवला. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली, मोरिवलीत घर बांधलं, आणि ड्यूटी सांभाळून भीमगीतांची गायन पार्टी चालवली. पुढे गायला हे, मागे कोरसला चौघे, सगळे आजूबाजूच्या कंपन्यांतले. गाणी घरची, चालीही घरच्या. कॅसेट काढू या म्हणणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवत. "गाणं समोर बसून ऐकायचं असतं, पाहुणे," असं मला बजावत. मी त्यांच्या मेव्हणीचा नवरा, राहतो तिथून जवळच बदलापूरला, शिरगावात. पण पंचवीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी पाहुणाच.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कमिटीतली चार पोरं शाल घेऊन त्यांच्या घरी आली. पाया पडली. "काका, यंदा तुम्ही स्टेजवर फक्त बसायचं. आपण तुमचा सत्कार करतोय. गाण्याचं टेन्शन नको, डीजे सांगितलाय." साडूभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "आणि मी गायलो तर?" त्यातला एक, खरंतर चांगला मुलगा, मान खाली घालून म्हणाला, "काका, आवाज नाय राहिला आता तुमचा. मागची लोकं हसतात. आपल्याला ते बघवत नाय." शाल घडी न मोडता परत गेली. तासाभरात मला फोन. "पाहुणे, सत्कार म्हणजे माणसाला शालीत गुंडाळून बाजूला ठेवायची पद्धत. बावीस गाणी आहेत माझ्या गळ्यात, दुसरीकडे कुठे नाहीत. ती माझ्याबरोबर जाणार नाहीत. उद्या कंप्युटर घ्यायला उल्हासनगरला चला." मी काही बोलायच्या आत फोन ठेवला होता.

उल्हासनगरच्या दुकानात जे घडलं ते त्या गल्लीत अजून सांगतात म्हणे. साडूभाऊंनी किंमत विचारली नाही, मेमरी विचारली नाही. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालू कंप्युटरच्या डब्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. "याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. दुसरा दाखवा." असे पाच डबे तपासले. दुकानदार सिंधी, वयाने पिकलेला, तो हात जोडून म्हणाला, "साईं, तीस साल से धंधा करता हूँ, कंप्युटर की छाती पहली बार कोई देख रहा है." सहावा डबा पास झाला. त्याच्याबरोबर हेडफोन आणि एक जाडजूड माइक आला, घरातल्या रेकॉर्डिंगचा. तो स्टँडवर उभा करायचा असतो. साडूभाऊ रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले.

मग आतल्या खोलीचा स्टुडिओ झाला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारी भिंतींवर गोधड्या ठोकल्या. थंडीत आमच्या ताई, म्हणजे साडूभाऊंच्या बायको, रात्री भिंतीवरची गोधडी काढून पांघरत आणि सकाळी पुन्हा खिळ्याला अडकवत. एकदा विसरल्या तर साडूभाऊंनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग "सदोष" म्हणून रद्द केलं. वार ठरला शुक्रवार, कारण शुक्रवारी कंपन्यांना सुट्टी, आणि एरवी त्या भागात शांतता म्हणून मिळत नाही. पण दुरुस्तीसाठी लाइटही शुक्रवारीच जाते! हे त्यांना एमआयडीसीत चौतीस वर्षं काढून ठाऊक नव्हतं असं नाही. "ते त्यांचं काम करतात, मी माझं करतो," एवढंच म्हणाले, आणि लाइट आल्यापासून शेजारच्या घरात कुकर लागेपर्यंतचा वेळ त्यांनी आपला मानला. पुढे शेजारणीनेच शुक्रवारी कुकर लावणं सोडलं. तिच्या घरी त्या दिवशी पोहे.

आणि आवाज काय आला म्हणून सांगू! मऊ, दुरून येणारा, पस्तिशीतल्या माणसाचा. साडूभाऊंनी तो मला ऐकवला, ताईंना, वाण्याला ऐकवला, कुरियर घेऊन आलेल्याला उभा करून ऐकवला. "आवाज राहिला नाय म्हणे!" प्रत्येक गाण्यानंतर त्या पोराची नक्कल. तीन महिन्यांत चौदा गाणी झाली. तक्रार एकच, आवाज जरा लहान येतो. म्हणून आम्ही माइक घेऊन पुन्हा दुकानात गेलो. साडूभाऊंनी काउंटरवर माइक उभा केला, स्टेजवर चाळीस वर्षं गायले तसे त्याच्या टोकाला ओठ नेले आणि तान सोडली. दुकानदाराने कपाळाला हात लावला. "साईं, ये स्टेजवाला नहीं है. इसको ऊपर से नहीं, बाजू से गाने का. ये निशान दिखता है? ये इसका मुँह है." म्हणजे तीन महिने आमचे साडूभाऊ माइकच्या टाळूवर गात होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी निशाणीसमोर बसून पहिलं गाणं झालं. मी तिथेच होतो. ऐकलं तर सगळं उघडं पडलेलं. वरच्या पट्टीत आवाज फाटत होता, दोन ओळींमध्ये श्वास शिट्टी मारत होता, मध्येच कवळीची टकटक. वरून गायल्यावर तोच माइक म्हातारपण गाळून घेत होता, एवढंच. साडूभाऊंनी हेडफोन काढून ठेवला आणि कंप्युटरवर टॉवेल टाकला. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी गायले नाहीत, त्याच्याही पुढच्या नाही. ताई मला फोनवर म्हणाल्या, "अहो, घरात एवढी शांतता मला सोसवत नाही. तुम्ही काहीतरी करा." मला खरंच भीती वाटली.

मी गेलो आणि माझ्या मते फार शहाणपणाचं बोललो. "साडूभाऊ, माइक पुन्हा होता तसा फिरवू या ना. चौदा झालीत, आठच राहिलीत. कुणाला कळणार आहे?"

ते एकदम उसळले. "मला कळणार! म्हणजे कमिटी बोलली ते खरं, असं मीच कबूल करू? फाटलाय आवाज, मग? ऐन भोंग्याच्या वेळी गेटवर उभं राहून गायलोय, पावडर खाल्लीय कंपनीची, घसा काय घरी बसून फाटला? ज्याला हसायचंय त्यानं हसावं. पण माझ्या आवाजाला हसावं, त्या माइकच्या टाळूला नाही." आणि टॉवेल ओढून त्यांनी ती चौदा गाणी एकेक करून स्वतःच्या हाताने पुसली. मी थांबवत होतो. त्यांनी मला गोधडीकडे तोंड करून उभं केलं.

बावीसच्या बावीस पुन्हा गायली. सरळ, निशाणीसमोर, फाटक्या आवाजात. उरला कोरस. कोरसच्या चौघांतले दोघे वारले, तिसरा आता माणसं ओळखत नाही. राहिला तो टर्नर मुलाकडे कर्नाटकात, अर्धांगाने जीभ जड झालेली. मला वाटलं, कोरस सोडून देतील. पण साडूभाऊंनी चौघांचे चार आवाज, प्रत्येक वेगळा रेकॉर्ड करून, स्वतःच गायले. हेल्परसाठी नाकातून, वॉचमनसाठी छाती फुगवून, वेल्डरसाठी जरा खोकून. स्क्रीनवर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी दिसते, तिला त्या त्या माणसाचं नाव दिलं. परवा मी गेलो तेव्हा पाहिलं, टर्नरची पट्टी प्रत्येक गाण्यात मागे पडते आहे. म्हटलं, "ही थोडी पुढे सरकवतो, एका मिनिटाचं काम आहे."

"हात लावू नका," ते म्हणाले. "तो सेकंड शिफ्ट संपवून धावत यायचा. सगळ्यांच्या मागूनच शिरायचा. जन्मभर मी त्याच्यावर ओरडलो."

मग त्यांनी पहिल्यापासून लावलं. एक हेडफोन, आम्ही दोघं डोकी टेकवून ऐकत होतो. अंतऱ्यात त्यांचा आवाज चढला, फाटला, आणि पडायच्या आत मागून तिघांनी तो उचलला. साडूभाऊंनी बोट वर केलं, मला थांबवल्यासारखं. क्षणभराने, धापा टाकत, चौथा शिरला.

"आला," साडूभाऊ म्हणाले.