होल्टर लावलं त्या दिवशी आम्ही भांडलो नाही

बाजारात वांगी तोलता तोलता आमच्या ह्यांना भोवळ आली आणि ते सरळ वांग्यांवरच पडले. शुद्धीवर आल्यावर पहिली चौकशी केली ती वांग्यांची. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, तो चांगला निघाला. पण ठोके मधेच बिघडत असतील तर जिवावर बेतू शकतं, म्हणाल्या, आणि ह्यांच्या छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी बांधली. होल्टर म्हणतात त्याला. दिवसरात्रीचे सगळे ठोके टिपून घेतं. सोबत एक कागद दिला: किती वाजता काय केलं, काय त्रास झाला, ते लिहायचं. "रोजच्यासारखं राहा," एवढं बजावलं. ह्यांचा चष्मा कायम हरवलेला, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रोजच्यासारखं कुठलं हो! नालवाडीला घरी आलो तसे हे पाहुण्यासारखे खाटेवर जाऊन बसले. वावरात जाणं नाही, बाजार नाही, परीक्षेला बसल्यागत वागणं. मीही तोंडाला कुलूप लावलं. बत्तीस वर्षं संसार केला, आणि आता एकच भीती मनात घर करून बसली होती: माझ्या जिभेनंच ह्यांचं काळीज बिघडलं असेल तर? ह्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला, मी राग गिळला. भाजीत मीठ नव्हतं, तर हे म्हणाले, "मस्त झाली." मला रडू यायचंच बाकी होतं.

रिपोर्ट एकदम चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद वाचला. आराम, चहा, आराम, जेवण, आराम. "रोज असंच असतं?"

"नाई जी," मी खरं ते सांगून टाकलं. "रोज आमी भांडतो."

त्यांनी डबी पुन्हा बांधली. "मग या वेळी भांडा."

ठरवून कुठं भांडण होतं? सकाळी मी सुरुवात केली, तर ह्यांना हसूच आलं. दुपारी पाहते तर हे वांग्यांचं पोतं उचलून गाडीवर बांधत होते.

"मराचं हाय का तुमाले?"

"रोजच्यावानी राहा म्हने ना डॉक्टरीण? मंग काऊन बोंबलून राह्यली?"

मग आमची अशी जुंपली की मागची बत्तीस वर्षं निघाली. मी कागदावर 'साडेतीन, भांडण' असं लिहिलं, कागद मुठीत धरला आणि रागारागानं विहिरीकडे निघून गेले. तासाभरानं परत आले तेव्हा हे खाटेवर गुमान बसलेले होते.

दुसऱ्या रिपोर्टवर डॉक्टरीणबाईंनी साडेतीनवर बोट ठेवलं. झालं, माझ्या जिभेचीच करणी, मला वाटलं. ठोके जोरात होते, पण रांगेत. बोट पुढे सरकलं. चार वाजून दहा मिनिटांनी सगळी रांगच मोडली होती. "धोका याचाच असतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा काय झालं? कागदावर तर काहीच नाही."

मी ह्यांच्यावर उखडले. "भोवळ आलती तर लिहून काऊन नाई ठेवलं?"

"लिहाले तू होती कुठं?" हे म्हणाले.

आता ह्यांच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवलंय. ठोके बिघडले की झटका देऊन ताळ्यावर आणतं. भांडणाला मनाई नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. भांडते मी रोज, अगदी पोटभर. पण उठून जात नाही.