रूळ तपासणारा माझा यंत्रमानव

माझी कशी फजिती झाली ते सांगतो, पण सावकाश सांगू द्या. घाई केली की माझी जीभ अडखळते.

गिरणी बंद पडली आणि मी भांडुपला घरी बसलो. हातांना काम हवं ना! म्हणून रुळांवरून धावून त्यांतला दोष शोधणारा यंत्रमानव बनवायला घेतला. होय, मी! चौथी नापास माणूस!

शेजारचा दत्तू रोज गॅलरीत डोकवायचा.

"अण्णा, याला हात नाय, डोकं नाय. कसला यंत्रमानव?"

"नसू दे. काम करेल ना?"

"मग तुमच्यावर नाय गेला!"

युक्ती साधी होती. लाकडी चौकट, बॅटरी, मोटार आणि चार चाकं. रुळात खड्डा आला की चाक खचणार, पत्र्याची पट्टी टेकणार, घंटी वाजणार. चाकं म्हणजे रंगाच्या डब्यांची झाकणं. तीन मिळाली. चौथं काही मिळेना.

मग मिळालं. कुठून, ते एवढ्यात विचारू नका.

त्याच संध्याकाळी बायको ओरडली, "माज्या मसाल्याच्या डब्याचा झाकण खंय गेला?"

"उंदरानं नेलं असेल," मी बोलून गेलो.

"उंदीर झाकण न्हेवन काय करतलो?"

आता काय सांगणार! वर्षाच्या मसाल्याचा वास उडत होता, गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. ती म्हणाली, "रविवारी ह्या चालला नाय, तर सगळा भंगारवाल्याक देतलंय!"

रविवारी आम्ही बंद कारखान्यामागच्या रुळांच्या जुन्या फाट्यावर गेलो. तिथे मालगाडी येणं कधीच थांबलं होतं. बायको आली, दत्तू आला, अर्धी चाळ आली. बटण दाबलं. गाडी चालली! आणि ट्रिंग!

सापडला दोष! मी खडूनं खूण केली. दोन पावलांवर पुन्हा ट्रिंग! पुन्हा खूण. पुन्हा ट्रिंग! अहो, रूळ आहे की चाळण?

"लाइन खचली!" दत्तू ओरडत मेन लाइनकडे पळाला. मी "थांब" म्हणेपर्यंत तो दिसेनासा झाला होता.

थोड्या वेळानं रेल्वेच्या गँगचा मुकादम लाल झेंडा घेऊन घामाघूम होत आला. वाकला, हातोडीनं ठोकून पाहिलं.

"रूळ ठणठणीत आहे, काका."

"मग घंटी काय खोटं बोलते?" मीही हट्टी.

त्यानं गाडी उचलली, बाजूच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवली आणि ढकलली. ट्रिंग! आणखी ढकलली. ट्रिंग!

"आता कट्टा पण खचला म्हणा!"

चाळ खो-खो हसली. मुकादमानं चाकं फिरवून पाहिली. एकाच्या कडेला हा एवढा पोचा! तो पोचा खाली आला की घंटी वाजत होती. त्यानं चाक जवळ नेलं आणि सटकन शिंकला.

"काका, याला मसाल्याचा वास कसा?"

बायको पुढे झाली. ते झाकण ती रोज बत्त्यानं ठोकून बसवायची. पोचा तिचाच होता, तिला सांगायला नको होतं. तिनं चाक काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी जमिनीकडे.

शेवटी मीच पुटपुटलो, "भंगारवाल्याला बोलावू?"

"बोलवा," ती म्हणाली. "यंत्र ऱ्हवांदे. तो उंदीर घेता काय, ता इचारा."