पहिला घास

बुऱ्हानपूरच्या इतवारा भागातल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात मी कुरकुरत उभा होतो. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडनीला सूज आलेली. ती आणखी बिघडू नये म्हणून डॉक्टरांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तर हा पठ्ठ्या प्रत्येक गोळी थुंकून टाकायचा.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी पिशवीतून केळ काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्या शेळीच्या कासेला सूज होती आणि त्याही तसलंच औषध न्यायला आल्या होत्या. शेळीचं नाव चंद्री. बाईंचं विचारायचं राहून गेलं.

"भाऊ, गोळी केळात दडवा. पहिला घास त्याच्यासमोर तुम्ही खा, मग त्याला द्या."

"कुत्रा केळ खाईल?"

"केळांच्या बुऱ्हानपूरचा आहे ना? मग खाईल!" त्या खळखळून हसल्या. "मुक्या जनावराला भरोसा सांगून नाही चालत, खाऊन दाखवावा लागतो. फक्त गोळी कोणत्या टोकाला आहे, ते ध्यानात ठेवा. मी चंद्रीची गोळी दोनदा स्वतःच गिळून बसले."

मग दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, "दोन जास्तीच्या द्या हो."

संध्याकाळी मी कुत्र्यासमोर फरशीवर मांडी घातली आणि केळाचा घास घेतला. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मी गिळल्यावरच त्यानं उरलेलं केळ खाल्लं, गोळीसकट.

इतकी वर्षं तो माझ्या हातचं खातोय. आम्ही सोबत जेवलो ते मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.