बारूदखान्यातला गोरा साहेब

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागाहून मध्येच ठसका लागून चहा माझ्या अंगावर उडवू नका. आज जो गाढवपणा सांगतोय, तसा अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणी केला असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, मी पाया पडतो त्याच्या! आणि ऐकताना पाठ भिंतीला टेकवून बसा. हसू येईलच, पण मधूनच मागं वळून बघावंसंही वाटेल. मला तर अजून वाटतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी नुकता कारकून म्हणून चिकटलो होतो आणि घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी नरखेडकडची, सुमन नावाची. घरची संत्र्याची बाग. मुलगी मी पाहून आलो होतो आणि पसंत होती. म्हणजे कशी? फायलीत तिचाच चेहरा दिसावा इतकी! आता फक्त तिच्या वडिलांनी येऊन मुलगा कसा आहे ते बघायचं राहिलं होतं.

ते आले पंधरा ऑगस्टला. दौलतराव. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि तोंडाला जणू कुलूप. सोबत त्यांची बहीण गिरजाबाई, म्हणजे मुलीची आत्या. भाऊ जेवढं बोलायचा नाही, तेवढं सगळं ही बोलायची.

जेवणं झाल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "फिरवून आण त्यांना. आणि हे बघ, कमी बोल."

आता सांगा, नागपुरात पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना कुठं न्यायचं? बर्डीच्या किल्ल्यावर! आत लष्कर असतं, एरवी आपल्याला कोण सोडतं? वर्षातले मोजके दिवसच दार उघडतं. मी स्वतः जन्म नागपुरात काढला, रोज त्या टेकडीखालून सायकल हाणली, पण वर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. हे अर्थात पाहुण्यांना कशाला सांगायचं?

चढून वर गेलो आणि एक विचित्रच झालं. खाली बर्डीत नुसता कल्ला होता. रिक्षांच्या घंट्या, लाऊडस्पीकर, पोरांच्या पिपाण्या. वर मात्र सगळं एकदम बंद. कुणीतरी कानात कापूस कोंबावा तसं. आभाळ इतकं दाटलं होतं की भर दुपारी दिवेलागणीचा उजेड पडला होता. जाडजूड दगडी भिंती, त्यांवर ओलं शेवाळ, आणि एका कडेला जुन्या लढाईत मेलेल्या इंग्रजांच्या कबरी. बघायला आलेली माणसंही आपोआप हळू बोलत होती.

"माय वं! इथं माणसं पुरून हायेत?" आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"इंग्रज आहेत, आत्याबाई."

"मंग तं अजूनच वाईट! त्याईचं ना तेरावं, ना चौदावं!"

पुढं भिंतीत एक बुटकं दार होतं. लोखंडी पत्रा मारलेलं, किंचित उघडं. आतला काळोख बाहेर वाकून आपल्याकडं बघतोय असं वाटत होतं. दौलतराव थांबले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं.

"बाबू, हे दार कायचं हाये?"

मला काय ठाऊक? म्हणायचं होतं, ‘माहीत नाही काकाजी.’ संपलं असतं! पण होणाऱ्या सासऱ्यानं पहिलाच प्रश्न विचारावा आणि आपण माहीत नाही म्हणावं? जीभ वळेना हो!

"हा बारूदखाना," मी म्हणालो. "इथं एक गोरा साहेब कोंडला गेला होता."

"मंग?"

त्या ‘मंग’नं माझा घात केला. मी सुटलोच. साहेब बारूद बघायला आत गेला, बाहेर लढाई पेटली, कुणीतरी बाहेरून दार लावलं. तो आतून ठोकत राहिला, हाका मारत राहिला. तोफांच्या आवाजात कोण ऐकतो? दार उघडलं तेव्हा आत कोणीच नव्हतं! पण आभाळ भरून आलं की अजून तो आतून दार ठोकतो.

"मंग?"

"मग काय, कोणी उघडत नाही, काकाजी. कारण जो कडी काढतो, त्याच्या घरी साहेब जातो. कायमचा."

हे शेवटचं मला कुठून सुचलं देव जाणे. आत्याबाई पार भिंतीपासून लांब सरकल्या. माझ्याही अंगावर काटा आला, इतकं ते छान जमलं होतं.

दौलतराव शांतपणे म्हणाले, "नाव का होतं साहेबाचं?"

"नाव ना? कबरीवर कोरलंय. तुम्ही थांबा, मी नीट वाचून येतो!"

असं म्हणून मी सटकलो. विचार केला, कबरीवरचं एखादं नाव पाठ करू आणि ठोकून देऊ. पण अक्षरं पावसांनी खाऊन टाकलेली. मी एकेका दगडाशी वाकून डोळे ताणतोय, तेवढ्यात जो पाऊस कोसळला! बाकी लोक समोरच्या पत्र्याच्या शेडकडं धावले. मी नवा टेरिकॉटचा शर्ट वाचवायला मान खाली घालून पळालो आणि जे पहिलं दार हाताला लागलं, त्यात घुसलो.

मागं धाडकन आवाज झाला. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा.

आणि काळोख.

अहो, काळोख म्हणजे कसा? डोळे मिटलेत की उघडे आहेत ते बोट लावून बघावं लागत होतं. मी दोन पावलं मागं गेलो, कशाला तरी अडखळलो, आणि गार, बुळबुळीत अशा कशात तरी तोंडावर पडलो. उठायला गेलो तर दुसऱ्या कशात हात. तोंडाला, केसांना, शर्टाला सगळीकडं ते लागलं. ओल्या मातीचा, वटवाघळांचा आणि बंद पेटीचा मिळून एक वास येत होता.

चाचपडत दाराशी आलो. लोखंडी पत्रा. बुटकी चौकट. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

हे तेच दार!

मी स्वतःला समजावलं, अरे मधुकर, गोष्ट तूच रचलीस ना? अर्ध्या तासापूर्वी? साहेब नाही, काही नाही! तरी मी जोरजोरात दार ठोकायला लागलो. ठक, ठक, ठक. दमलो. हात खाली घेतला.

आणि ठोकणं थांबलं नाही.

ठक. ठक. माझ्या पाठीमागून. अगदी सावकाश, कुणीतरी खूप वेळ ठोकून थकल्यासारखं.

मी श्वास रोखला. तरी श्वासाचा आवाज येतच होता.

त्यानंतर मी जे ओरडलो ते माणसाचं ओरडणं नव्हतं. दाराशेजारी वर एक अरुंद झरोका होता, त्यातून बाहेरचं थोडं ऐकू यायचं. पाऊस ओसरला होता आणि आत्याबाईंचा आवाज जवळ आला होता.

"दादा! ऐकलं का? आत कोनीतरी हाये!"

मला वाटलं, सुटलो. पण आठवलं, इथं जवान असतील देशभरचे. कुणी मद्रासचा, कुणी पंजाबचा. मराठी त्यांना काय कळणार? म्हणून मी सगळी ताकद लावून इंग्रजीत ओरडलो, "ओपन द डोअर! प्लीज! आय ॲम इनसाइड!"

बाहेर एकच किंकाळी.

"इंग्रजीत बोलून राहिला वं माय! साहेब! गोरा साहेब!"

पायांचे आवाज, गर्दी, कुजबुज. कुणीतरी विचारलं, "काय म्हणते गा तो?" दुसरा शिकलेला आवाज म्हणाला, "दार उघडा म्हणते. मी आत हाये म्हणते."

"पाहा! तेच सांगलं होतं आमच्या पाहुण्यानं!" आत्याबाईंनी माझी गोष्ट अख्ख्या गर्दीला सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गोष्टीत साहेबाला विलायतेत बायको होती आणि ती गरोदर होती. मी आत डोकं धरून बसलो. कुणी शंका काढली तर आत्याबाई म्हणायच्या, "खोटं कायले असन? शिकेल पोरगा हाये, सरकारी नोकरीत हाये!"

इंग्रजी गेली खड्ड्यात. मी गळा काढला, "अवो आत्याबाई! मी मधुकर! मले बाहेर काढा वो!"

तुम्हाला वाटेल, आता तरी कळलं असेल. छे! बाहेर नवा कल्लोळ.

"दादा, साहेबानं मधुकरबाबूले धरलं! त्याच्याच आवाजात बोलून राहिला!"

"विचारा त्याले, काय पायजे?" गर्दीतला एक जण.

"काय पायजे तुले साहेब?" दुसरा भीत भीत ओरडला. आणि झरोक्यातून एक बिस्किट आत पडलं. नैवेद्य म्हणून!

खरं सांगू? मी ते खाल्लं.

मागं ती ठकठक चालूच होती. बिस्किट चावताना जरा थांबली, मग पुन्हा सुरू. मी दाराला असा चिकटलो की दोघांत कागद सरकला नसता. रडत होतो का? होय, रडत होतो. लपवायचं कशाला?

तेवढ्यात बाहेर दौलतरावांचा शांत आवाज आला. "बाजूले व्हा."

"दादा! नको! कडी काढशीन तं घरी येईन तो!"

"येऊ दे. बाग राखाले माणूस पायजेच हाये."

कडी कुरकुरली, एकदा, दोनदा. दौलतराव धापा टाकताना ऐकू येत होते. मग दार उघडलं आणि मी दोन्ही हात पसरून उजेडाकडं झेपावलो.

गर्दी वाऱ्यासारखी फुटली! बायका, बापे, पोरंटोरं, कुणाची चप्पल इथं, कुणाची टोपी तिथं. मला कळेना, झालं काय? मग माझे हात दिसले. पांढरेफटक! पंधरा ऑगस्टसाठी वाटेच्या कडेचे दगड रंगवायला कालवलेला चुना आणि गेरू त्या खोलीत ठेवला होता, आणि मी आधी चुन्यात अन् मग गेरूत लोळलो होतो. चेहरा पांढरा, केसांतून गेरूचे लाल ओघळ. दीडशे वर्षं कोंडलेला जखमी गोरा साहेब, दुसरं काय!

दौलतराव सोडले तर सगळे पळाले, बायकांत एकट्या आत्याबाई पळाल्या नाहीत. त्यांनी छत्री उलटी धरली आणि माझ्या टाळक्यात हाणली. "जाय! जाय आपल्या विलायतेले!"

"थांब वं गिरजे," दौलतराव म्हणाले. "पाहुणा हाये आपला."

गोंधळ ऐकून एक जवान धावत आला. मला बघून आधी दचकला, मग पोट धरून हसला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "दरवाज़ा बंद किसने किया?"

"हवा से," मी म्हणालो. "हवा से बंद हुआ, कड़ी गिर गई."

त्यानं कडी हातात घेतली. ती वर उचलून आकड्यात अडकवायची होती. पडून लागणारी नव्हतीच. त्यानं दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा कुठं ती हलली.

जवानाचं हसू थांबलं. "हवा से?"

मागच्या ठकठकीचं सांगावं का? पावसाचं पाणी कुठंतरी ठिबकत असेल, मी मनाशी म्हणालो.

"अंदर और कोई था?" त्यानं विचारलं.

त्यानं बॅटरीचा झोत आत फिरवला. चुन्याचं घमेलं, गेरूचं घमेलं, कोरडी ठणठणीत भिंत. कुठंही पाणी ठिबकत नव्हतं. त्यानं दार लावलं, कडी घातली, आणि आम्ही निघालो तेव्हा बघितलं, तोही त्या दाराकडं पाठ न करता, आडवाआडवाच चालत होता.

खाली आल्यावर एका नळावर तोंड धुतलं. चामडी चुरचुरत होती, डोक्यावर टेंगूळ आलं होतं. शर्टाचं तर विचारूच नका. एसटी स्टँडपर्यंत आत्याबाई माझ्यापासून चार हात लांबूनच चालल्या. मी मनातल्या मनात सुमनला निरोप देऊन टाकला.

गाडी लागली. दौलतराव पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"बाबू, ते साहेबाचं तुमच्याच मनचं होतं ना?"

आता काय लपवायचं? "हो, काकाजी."

"आन् आत गेल्यावर तुमालेच खरं वाटलं?"

"हो, काकाजी."

त्यांनी मान डोलावली. "घरी सांगा, तिथी काढून ठेवा म्हणा. पोरगा पसंत हाये."

आत्याबाईंची छत्री हातातून पडली. "दादा, काहून? असा भेदरट?"

"भेदरट हाये म्हणूनच पसंत हाये, गिरजे. गोष्ट हाच बनवते, आन् हाच तिले भेते. असा माणूस आपल्या सुमनपाशी किती वेळ खोटं टिकवीन?"

मी आनंदानं तिथंच, भर स्टँडवर, वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो. शीळ घालत घरी आलो, आईला बातमी सांगितली, सगळ्यांना पेढे वाटले. आणि सासरेबुवा मला नेमकं काय म्हणून गेले, हे माझ्या डोक्यात शिरलं ते पेढा गिळल्यावर!