थोरल्या घराची पहिली ओळ

आमच्या साडूंइतका याद्यांवर जीव टाकणारा माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. त्यांच्याकडे फडताळातल्या डब्यांची यादी आहे, आणि कुठल्या डब्यात काय आहे याची त्या यादीच्या पोटात आणखी एक यादी आहे. घरी मटणाचा बेत असला की तांबड्या रश्श्याची माणसं एका कागदावर आणि पांढऱ्याची दुसऱ्यावर. तांबड्याच्या कागदावर असताना मी एकदा मध्येच पांढरा मागितला, तर त्यांनी आधी खिशातून पेन काढलं आणि मग वाटी पुढे केली. "ह्यांच्या यादीत मी कितव्या ओळीला हाय, तेवढं तरी कुणीतरी बघून सांगा की," असं माझी मेव्हणी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत असते.

या वेडाचं मूळ मात्र हसण्यासारखं नाही. थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या नावांतून त्यांच्या सख्ख्या बहिणीचं, जयसिंगपूरच्या आक्कांचं नाव राहून गेलं. मजकूर साडूंनीच लिहून दिला होता. आक्का लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या, न जेवता परत गेल्या आणि पुढे सहा वर्षं त्यांनी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या साडूंच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. आईच्या माघारी साडूंना वाढवलं ते याच आक्कांनी. त्यांचा अबोला साडूंना फार लागला. निवृत्त झाल्याबरोबर ते कॉम्प्युटर शिकायला बसले आणि एकही नाव सुटणार नाही असं साऱ्या भावकीचं वेबपेज त्यांनी तयार केलं.

त्या पानावर एक मोठा तक्ता होता. एकेका ओळीत एकेक घर, आणि त्या ओळीच्या पोटात घरातल्या माणसांचा छोटा तक्ता: नाव, गाव, फोन. वर शोधाची चौकट. तीत शब्द लिहिला की साडूंनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची यादी, जुळणाऱ्या ओळी ठेवायची आणि बाकीच्या लपवायची. मी गणिताचा मास्तर. दुसऱ्याची चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पण मलाही त्यात काही खोट दिसली नाही.

मग साडूंनी भावकीला जेवायला बोलावलं. हातापाया पडून आक्कांनाही आणलं, त्यांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि ते पान टीव्हीवर लावलं. थोरलं घर म्हणजे आक्कांचं नेसरीचं माहेर. त्यात चार भावंडं: पहिल्या ओळीत आक्का, मग साडू धरून कोल्हापूरचे दोघे, शेवटी काजूच्या कारखान्यातला आजऱ्याचा धाकटा. साडूंनी ऐटीत 'कोल्हापूर' असं लिहिलं. थोरलं घर राहिलं, पण त्याच्या पोटात दोनच माणसं उरली. स्क्रिप्टनं घरांच्या ओळींबरोबर आतल्या माणसांच्या ओळींनाही 'हा शब्द आहे का?' असा प्रश्न विचारला होता, आणि ज्या ओळीत कोल्हापूर नव्हतं ती लपवली होती.

"आणि मी रं?" आक्का म्हणाल्या. "पत्रिकेतनं काढलंस, आता टीव्हीतनंबी काढलंस व्हय?"

साडूंनी घाबरून शब्द पुसला. पडद्यावर आक्का परत आल्या. खऱ्या आक्का मात्र चपला घालून जिना उतरत होत्या. त्या दिवशी साडू कुठल्याच कागदावर नव्हते, कारण ते जेवलेच नाहीत.

आठ दिवस त्यांनी त्या स्क्रिप्टशी झुंज घेतली. "पावणं, ओळ घराची का माणसाची, ह्येच तिला कळंना," ते मला म्हणाले. शेवटी त्यांनी नियमच बदलला. प्रश्न फक्त घराच्या ओळीला विचारायचा; घरातलं एक माणूस जुळलं तरी अख्खं घर दाखवायचं. मग लॅपटॉप पिशवीत घालून ते मला घेऊन एसटीनं जयसिंगपूरला गेले. आक्कांनी 'या' म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

"आजरा घाल," त्या म्हणाल्या. साडूंनी लिहिलं. थोरलं घर आलं, चौघांसकट. आक्कांनी पडद्यावर बोट टेकवून ओळी मोजल्या, दोनदा मोजल्या. "बसा. च्या टाकते," म्हणत त्या आत गेल्या, आणि साडूंनी माझ्यासमोर उघड उघड डोळे पुसले.

त्यानंतर भावकीच्या दरसालच्या जेवणाचं पहिलं बोलावणं आक्कांना जाऊ लागलं. गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. परवा यंदाची पाकिटं लिहायला मी साडूंकडे गेलो होतो. ते पत्ते सांगणार, मी लिहिणार. पानावर आता 'हयात' असा एक चौकोन आहे. त्यावर खूण केली की गेलेल्या माणसांच्या ओळी लपतात. साडूंनी खूण केली. चुलते गेले, चुलत्या गेल्या. थोरल्या घराची पहिली ओळ मात्र जागची हलली नाही.

चूक सांगायला मी तोंड उघडलं. साडू पडद्याकडेच बघत होते.

"काय पावणं?"

"कुठं काय. सांगा पत्ता."

त्यांनी पहिलं नाव वाचलं, आणि मी पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: आक्का, जयसिंगपूर.