नानाच्या पाहुण्यांची खोली

नाना गेल्याची बातमी मला चाकणच्या बाजारात, कांद्याच्या गोण्यांशेजारी उभा असताना कळली. सांगणाऱ्या खंडूअण्णांनी मला धड हळहळूही दिलं नाही. आवाज खाली करून म्हणाले, "जाताना तुला काय बोलला का त्यो? जागा दावली का?" खंडूअण्णा आमच्या पंचायतीतले. नानाला गावच्या भुईकोट किल्ल्यात गुप्तधन सापडलंय आणि ते त्यानं आपल्या नव्या खोलीत पुरलंय, अशी गावाची पक्की समजूत होती. ती 'जागा' त्यांना हवी होती.

नाना माझा शाळेपासूनचा दोस्त. रस्त्याच्या कामांवर मुकादम म्हणून त्यानं मुलूख पालथा घातला, वेरूळला गोऱ्या लोकांच्या मोटारी उभ्या पाहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर गावी परतला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. "अरे, तिथं चहावाला जगतो, टांगेवाला जगतो, हार विकणारी बाई जगते. आता आपला देश बघायला जग येणार. आणि आपण एवढ्या कोटात शेळ्या चारतोय!" पुणे-नाशिक रस्त्यावरचा एक माणूस जरी चाकणला मुक्कामाला राहिला, तरी पुढचे आपोआप येतील, हे त्याचं पालुपद. मी दुकानदार माणूस. कुणी पदरमोड करून बुरुजावरची काटेरी झुडपं तोडतो, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करतो, हे पाहून माझ्याही मनात पाल चुकचुकायची. एकदा तोंडावरच विचारलं, "नाना, खरं सांग, यात तुझं काय?" तो नुसता हसला... आणि माझा संशय आणखीच वाढला.

कोटाशेजारच्या आपल्या तुकड्यात त्यानं पाहुण्यांसाठी खोली बांधली. आत दोन खाटा, पांढऱ्या चादरी, भिंतीला आरसा. एक गोरं जोडपं मोटार थांबवून कोट बघून गेलंही, पण मुक्काम न करता. नेमके त्याच सुमारास मोजणीवाले साखळी घेऊन शिवारात आले. पिंपरीकडं कारखान्यापायी जमिनी गेल्याच्या गोष्टी ताज्या होत्या. झालं... चावडीत खंडूअण्णा कडाडले, "आज कोट बघत्याल, उद्या आपली रानं बघत्याल. ह्योच आणतोय त्यास्नी!" नाना शपथेवर सांगत राहिला, पण कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून एखाद्या वाटसरूनं कोटाची वाट विचारली, की गावातलं पोरगंसुद्धा सांगायचं, "हितं काय न्हाई बघन्यासारखं." संध्याकाळी नाना चादरी झटकून पुन्हा अंथरायचा आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचा. तो गेला तोवर त्या खाटांवर कुणीही झोपलं नव्हतं. हे आठवलं की आजही जीव तुटतो.

तो गेल्यावर नवीच कुजबुज सुरू झाली. त्याची बायको, आमच्या सरूवहिनी, रोज सकाळी भरली घागर घेऊन त्या बंद खोलीत जातात आणि रिकामी घेऊन बाहेर येतात. धनावरच्या नागाला दूध पाजतात म्हणे! गेल्या आठवड्यात भर उन्हात मंडळी खोली उघडायला गेली. मी त्यांना अडवायला गेलो असं म्हणता आलं असतं, पण मलाही बघायचंच होतं. वहिनींनी किल्ली काढून दिली. कोपऱ्यातली चटई बाजूला केली तर खाली लाकडी झाकण, आणि झाकणाखाली जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण. खंडूअण्णांनी कोपरापर्यंत हात घातला. पाणी!

"धन तळाशी असंल. उपसा!"

सगळं पाणी अंगणात ओतलं. तळाला काहीच नव्हतं.

"उन्हातनं कुनी पाव्हनं आलं तर गार पानी मिळावं, म्हनून त्यांनीच पुरलाय," वहिनी दारातून म्हणाल्या. "झिरपतं तेवढं रोज ताजं भरायचं, असं सांगून गेल्यात."

नानानं वर्षानुवर्षं वाट पाहिली त्या खोलीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मला भिंतीवरच्या आरशाकडं बघवेना. वहिनी विहिरीवर गेल्या, घागर भरून आल्या आणि म्हणाल्या, "उन्हाचं आलायसा, पानी घ्या."

खंडूअण्णांनी आधी घागरीत वाकून तळ पाहिला आणि मगच ओंजळ पुढं केली. त्यांच्यामागून मीही वाकून पाहिलं.